नव्याची वितळ

ओरोसहून लायसन आलं पोस्टाने.
फोटोत मी घाबरलेला.
चार वर्षं इस्माईलच्या गाडीवर क्लीनर होतो,
काच पुसली, चाकाखाली दगड लावला,
मागे उभा राहून ओरडलो, येऊ द्या, येऊ द्या, बस्स.
आता मला कोण ओरडून सांगणार?

इस्माईल म्हणाला, पहिली गाडी धरताना
मालकाचं तोंड बघू नको, टायर बघ.
मग विचार, आधीचा ड्रायव्हर का गेला.
लगेच बोलला तर ऐक.
थांबून बोलला तर चहा पी आणि नीघ.

मालवणच्या मासळीवाल्याने पहिल्याच वाक्यात पगार सांगितला.
रात्री आठला बंदर सोडायचं, उजाडायच्या आत बेळगाव,
मध्ये आंबोलीचा घाट, धुकं, मागे ठिबकणारे बांगडे.
आधीचा?
तो जरा थांबला. "त्याला झोप फार."
जशी काय झोप म्हणजे दारूच.
आकडा मोठा होता. अजून आठवतो.
घरी सांगितला तेव्हा आईने भाकरी उलटली,
"झोप काय कोणाच्या बापाशीची नाय."

चिऱ्याच्या खाणीवर ब्रेक दाबला,
पाय थेट तळाला.
"दोनदा दाबायचा," मुकादम म्हणाला, "सगळे तसंच करतात."
टायर बघायची वेळच आली नाही.

वेंगुर्ल्यात बर्फाचा कारखाना.
रेजिना डिसोजा, भर मे महिन्यात स्वेटर, पायात गमबूट.
पगार तिघांत कमी.
चारशे सात टेम्पो, रंग तीनदा मारलेला,
टायरांच्या खाचेत मात्र नख बुडालं.
आधीचा गोव्यात बस चालवतो, ती म्हणाली,
गणपतीला येतो, हवं तर विचार त्याला.
मग वही सरकवली माझ्यापुढे.
निघालेल्या लाद्या, पोचलेल्या लाद्या,
मधल्या रकान्यात निळ्या शाईने: वितळ.
जुन्याची, चाळिसात दोन.
त्याखाली एक ओळ आधीच आखून ठेवलेली,
नव्याची वितळ, पाच.
"पहिला महिना तू हळू जाशील. जायलाच हवंस.
तेवढं पाणी मी धरलंय.
सहा झाल्या तर येऊन सांग,
रस्त्यावर भरून काढू नको."

मी वही बघत उभा.
माझी भीती कुणी कधी
जमाखर्चात मांडली नव्हती.

पहिल्या दिवशी कोचऱ्याच्या चढावर गाडी बंद पडली.
समोर एसटी.
हँडब्रेक ओढला, पाठीला घाम,
आणि मागे भुशाखाली चाळीस लाद्या
टप टप मोजत होत्या मला.
वळणापर्यंत मागे घ्यायची होती. आरशात नुसता गडगा.
तेवढ्यात डोक्यावरची पाटी गडग्यावर ठेवून
कोणी एक बाई आरशात आली, हात हलवत,
"येवंदे, येवंदे... रव!"
रवलो.
एसटी पोटाजवळून गेली, एक बोट ठेवून.
काच खाली करून बघतो तर पाटी परत डोक्यावर,
बाई चालू लागलेली. नाव विचारायचं राहिलं.

निवतीला रापणीच्या लोकांनी लाद्या मोजल्या,
एकाने टोचा मारून बघितला, हसला,
"नवो दिसता."
चाळिसातल्या तेहतीस.
सात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, रेजिनाबाईंसमोर.
त्या वाचून म्हणाल्या, उद्या भुसा जास्त घाल.

रात्री घरी जाताना झारापच्या तिठ्यावर
मासळीची गाडी गेली माझ्या सायकलीवरून वारा टाकत,
तोच नंबर, तेच ठिबकणं,
आतला चेहरा दिसला नाही.
माझ्याच वयाचा असेल. आकडा त्यालाही आवडला असेल.
मी हात वर केला, मग घंटी वाजवली,
दोनदा, तिनदा,
ऐकू जाणार नाही हे माहीत असून.